वेशीतल्या बाबाची पाठ

मित्रांनो, मी एक जुना काळा दगड आहे. माझ्यापुढच्या पाटीवर 'वीरगळ' असे लिहिले आहे. म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीसाठी कोरलेला दगड. साताऱ्यातल्या एका संग्रहालयात मी भिंतीला पाठ लावून उभा असतो. पण माझे खरे आयुष्य पाटण खोऱ्यातल्या एका गावाच्या वेशीवर गेले.

मला कोणी घडवले ते आठवत नाही, छिन्नीचे घाव मात्र आठवतात. खाली घोडा आणि पडलेला वीर, वर पिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच वीर. तो लढायला गेला, परत आला नाही. पुढे गाव त्याचे नावही विसरले. लोक मला तेल-शेंदूर लावू लागले. थरावर थर चढून घोडा, वीर सारे बुजले आणि मी नुसता लाल गोळा झालो. सगळे मला वेशीतला बाबा म्हणू लागले. खरे सांगतो, मला ते फार आवडले.

त्या गावात घरटी एक जण पलटणीत. पोरगा निघाला की घरची बाई मला तेल घाली आणि माझ्याच अंगचा शेंदूर त्याच्या कपाळी लावी. सुट्टीवर आलेला जवान आधी माझ्यापाशी ट्रंक टेकवी, मग घरी जाई. मान होता, तसा वापरही होता. बाया माझ्या पाठीवर विळ्यांना धार लावत. अंबूबाई नवी नवरी होऊन आली तेव्हापासून आधी हात जोडून माफी मागे, मग खुशाल खसाखसा विळा घाशी. तिथे माझ्या पाठीला खळगा पडला आहे.

मग रस्ता रुंद झाला. मला फोडून भरावात टाकणार होते, तेवढ्यात संग्रहालयाची माणसे आली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. इथे सगळे असेच आलेले. शेजारचा ताम्रपट नांगराला लागला, समोरची खापरे विहीर खणताना निघाली. मला त्यांनी हळुवार धुतले. शेंदूर गेला, वीर दिसू लागला, जाणकार वाहवा करू लागले. सहली येतात, फोटो काढतात, पुढे जातात. 'हात लावू नये' ही पाटी मात्र सगळे पाळतात. मित्रांनो, मला फार एकटे वाटते.

गेल्या उन्हाळ्यात अंबूबाई आली. म्हातारी झाली होती, हातात तेलाची बाटली होती. नातू जयराज पलटणीत निघाला होता, म्हणून ती मला शोधत आली होती. माझ्यासमोरच दोघे थांबले. जयराजने पाटी वाचली आणि म्हणाला, ह्यो आपला न्हवं.

अंबूबाईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "व्हय रं. आपल्या बाबाला कुटं त्वांड व्हतं?"

तिने माझी पाठ पाहिली असती तर! पण पाठ भिंतीकडे होती.

पहारेकरी अजीम भला माणूस. अंबूबाईने लाल दगड कुठे आहे विचारताच त्याने व्हरांड्यात बोट दाखवले. तिथे फलटणकडून आलेला, अजून न धुतलेला एक शेंदरी दगड होता. अंबूबाई त्याच्यापुढे वाकली. तेल घालू नका, एवढेच अजीम म्हणाला. तिने बाटली पदराखाली घेतली आणि कपाळ टेकले.

"बाबा, पोराला धड माघारी आण."

हाक मला होती, ऐकली दुसऱ्याने. त्या बिचाऱ्याला जयराज कोण, हेही ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. न परतलेला एक जण मी अंगावर वागवतो, म्हणून तर जीव जास्तच घाबरतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा, धुवा, पुसा. पण त्यांचे गाव पुसू नका. माझ्या पाटीवर खाली 'वेशीतला बाबा' एवढे लिहा आणि मला भिंतीपासून थोडे पुढे ओढा. जयराज सुट्टीवर आला की अंबूबाई त्याला घेऊन येईल. तिच्या बोटांना तो खळगा बरोबर सापडेल. जयराज धड यावा म्हणून मी रोज विनवतो. माझ्या वीराचे हात इतकी वर्षे जोडलेले आहेत, ते आता त्याच्यासाठीच.