श्वासाने उडणारा रंग

जलाशयाच्या काठावर मुंगी शिरायला जागा नव्हती. मेलेल्या माशांच्या वासाने डोकं उठलं होतं, तरी माणसं नाकाला रुमाल लावून उभी. गावात आलेल्या एका बुवाबाबांनी हिरवट पाणी कापडातून गाळून पेल्यात घेतलं, त्यात 'सिद्ध जलाचे' दोन थेंब टाकले आणि पाणी गुलाबी झालं.

"जलमाता जागी झाली," बाबा म्हणाले. "ज्याने हिला विष पाजलं, त्याच्या श्वासाने हा रंग उडेल. निर्मळ माणसाचं पाणी गुलाबीच राहील."

आधी नगराध्यक्षांनी, बाबांनी पुढे केलेल्या दुसऱ्या गुलाबी पेल्यात नळीने फुंकलं. रंग ढिम्म हलला नाही. नगराध्यक्ष निर्मळ! मला हसू आवरेना, पण पुढच्याच क्षणी ते विरलं.

कारण गर्दीने माझ्या वहिनीला पुढे ढकललं आणि ढकलणाऱ्यांत माझा सख्खा दादा होता. हे सांगताना मान खाली जाते. वहिनी काठावरच्या रंगशाळेत कापड रंगवते, हात कोपरापर्यंत निळे. पुरावा तेवढाच. आईने तर सकाळीच बजावलं होतं, दोषी ठरली तर या घराची पायरी चढायची नाही.

"अहो, आमचं रंगाचं पाणी टाकीत साठतं, टँकर घेऊन जातो," वहिनी दादाला म्हणाली. "तुम्ही स्वतः पाहिलंय."

"मग घाबरतेस कशाला? फुंक."

तिने फुंकलं. बघता बघता रंग उडाला. "हीच ती," कोणीतरी ओरडलं. आईने तोंड फिरवलं.

मी जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत काम करतो. काठावर पाण्याचे नमुने न्यायला आलो होतो. पिशवीतून पाणी तपासायच्या थेंबांची माझी बाटली काढली, जलाशयाचं पाणी पेल्यात गाळून घेतलं, दोन थेंब टाकले. गुलाबी.

"दादा, फुंक."

"मी कशाला?"

"निर्मळ आहेस ना? फुंक."

त्याने फुंकलं. रंग गेला. मग आईसमोर नवा पेला धरला. तिचाही गेला.

"हे थेंब शाळेच्या प्रयोगशाळेतही असतात," मी म्हणालो. "उन्हात शेवाळं वाढलं की पाणी अल्कधर्मी होतं, थेंबांनी गुलाबी दिसतं. आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने ते पुन्हा फिकं पडतं. तुमच्या, माझ्या, तान्ह्या बाळाच्यासुद्धा."

"मग साहेबांचा रंग कसा टिकला?" एका बाईने विचारलं.

मी नगराध्यक्षांच्या पेल्यात बोट बुडवलं. बुळबुळीत. तळाशी धुण्याचा सोडा होता. बाबा झोळी आवरू लागले.

"मासे विषाने नाही, गुदमरून मेले. तेच शेवाळं रात्री पाण्यातला ऑक्सिजन संपवतं. आणि ते पोसलं जातं आपल्या गटारांच्या पाण्यावर. दोषी शोधायचाच असेल तर आपापल्या मोरीपासून सुरुवात करा. पाण्याबद्दल शंका आली तर केंद्रात या, तपासून देतो. माणसाबद्दल आली तर त्याला विचारा आणि तो सांगतो ते ऐका. त्याला पेल्यात फुंकायला लावू नका."

लोक एकमेकांची नजर चुकवत पांगले. आई निघून गेली. दादा वहिनीजवळ आला. "चल, घरी जाऊ."

"टाकीचं मी सांगितलं तेव्हा तुम्हाला पटलं नाही," वहिनी शांतपणे म्हणाली. "भाऊजींनी बाटली काढली तेव्हा पटलं. उद्या भाऊजी नसले तर?"

मला दादाची लाज वाटली, आणि मी त्याचाच भाऊ. वहिनीने पदर खोचला आणि ती रंगशाळेकडे चालू लागली. घर दुसऱ्या बाजूला होतं.