आखणीची घोडी

मला तीन पाय आहेत आणि तिन्ही थोडेथोडे खरचटलेले आहेत. मित्रांनो, फोटो काढताना ज्याच्या डोक्यावर कॅमेरा बसवतात तो ट्रायपॉड तुम्ही पाहिला असेल. मी त्यांच्यातलाच एक जुना. अंगाने लहान आणि वजनाने हलका. घडी घातली की खांद्यावरच्या पिशवीत मावतो. पण लहान असलो तरी माझी मान ताठ आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म कुठे झाला ते मला फारसे आठवत नाही. माझे खरे आयुष्य सुरू झाले पनवेलच्या एका दुकानात, प्रतिक्षाने मला हातात घेतले त्या दिवशी. प्रतिक्षा रोह्याला लग्नाबारशाचे फोटो काढते. तिचे माहेर पेणजवळच्या हमरापूरचे. तिथे घरचाच गणपतींचा कारखाना आहे आणि तिचा भाऊ जितेश तो चालवतो. गिऱ्हाइकांना मोबाइलवर मूर्ती दाखवायच्या तर फोटो चांगले हवेत. त्या फोटोंसाठी ती ट्रायपॉड शोधत होती.

दुकानदाराने आधी एक उंचापुरा, दणकट गडी तिच्यापुढे उभा केला. प्रतिक्षाने पर्समधून सुतळीचा एक तुकडा काढला. कारखान्यात मूर्तींच्या दोन रांगांमध्ये जेवढी वाट असते, तेवढीच ती सुतळी कापलेली होती. रंगवलेली मूर्ती उगाच कोणी हलवत नाही, सोंडेला नाहीतर हाताला धक्का लागतो. फोटो काढणाऱ्यानेच त्या वाटेत शिरायचे असते. उंच गड्याचे पाय सुतळीच्या पार बाहेर गेले. दुसरा एक माझ्याहूनही हलका होता, पण त्याचे पाय खाली काडीसारखे बारीक होत गेलेले. बोट लावले की बिचारा थरथरायचा. मग माझी पाळी आली आणि मी सुतळीच्या मापात बसलो.

दुकानदार लगेच पिशवी शोधायला लागला, पण प्रतिक्षा घाई करणारी नव्हे. बहुतेक लोक पाय बघतात आणि डोके बघायचे विसरतात. तिने माझ्या डोक्यावर स्वतःचा कॅमेरा चढवला, पुढे झुकवला, स्क्रू आवळला आणि तो सरकतो का ते बघत राहिली. आवळल्यावरही कॅमेरा हळूहळू खाली सरकला, तर मुकुटाचा फोटो काढायला जावे आणि पोटाचा यावा, अशी गत होते. मी सगळा जोर लावून त्याला धरून ठेवले. "हा मान टाकत नाय," ती दुकानदाराला म्हणाली आणि मी तिचा झालो.

पुढची वर्षे मोठ्या मजेची गेली. कुंडलिका नदीच्या काठी मी नवरानवरींना हसताना पाहिले. कोलाडला एका बारशात तर माझ्या पायाला धरून एक बाळ पहिल्यांदा उभे राहिले. पेणच्या खाडीकडच्या मिठागरात मी खाऱ्या चिखलात उभा राहिलो, त्या दिवशी थकलेल्या प्रतिक्षाने घरी येताच आधी माझे पाय गोड्या पाण्याने धुतले आणि एकेक सांधा उघडून पुसला. तिने आळस केला असता तर मी त्याच वर्षी आखडलो असतो.

मात्र माझे आवडते काम कारखान्यातले. तिथे फ्लॅश मारला की सोनेरी रंग नुसता चमकतो, म्हणून बेताच्या उजेडात, सावकाश फोटो घ्यावा लागतो. तेवढा वेळ मी श्वास रोखून उभा असे. लोक म्हणत, फोटो काय सुरेख आलेत. प्रतिक्षा माझ्याकडे बोट दाखवायची आणि मी फुशारून जायचो.

एक व्यक्ती मात्र मला कधी ट्रायपॉड म्हणाली नाही. ती म्हणजे प्रतिक्षाची आई, कृष्णाबाई. ती मला घोडी म्हणायची. रंगारी ज्यावर फळी टाकून चढतात तसली घोडी! मला भारी राग यायचा. पण कृष्णाबाईला त्या घरात कोण बोलणार? मूर्तींचे डोळे तीच आखायची. त्यांच्या कारखान्याची एक रीत आहे. एका मूर्तीचे दोन्ही डोळे एकाच हाताने आखायचे. एक एकाने आणि दुसरा दुसऱ्याने आखला, तर नजर जुळत नाही, असे ती म्हणते.

मग कितीही हात हलला तरी स्थिर चित्र काढणारे मोबाइल आले. प्रतिक्षा मला घरी ठेवून जाऊ लागली. आधी मी दाराशी होतो, मग खाटेखाली, मग कपाटावर आकाशकंदिलाच्या मागे. माझे सांधे धुळीने घट्ट झाले. गरज सरो वैद्य मरो, असे मनात यायचे आणि मी रुसून बसायचो. पण रुसलेल्या ट्रायपॉडची समजूत कोण काढणार?

गेल्या वर्षी आषाढात जितेशचा फोन आला. आईचा हात थरथरायला लागला आहे, असे त्याने सांगितले. प्रतिक्षाने त्याच दिवशी मला खाली काढले, पुसले आणि हमरापूरला नेले. आईच्या आखणीचा व्हिडिओ करून ठेवायचा तिचा विचार होता. हात थांबला तरी कला राहील, असे तिला वाटत होते.

दोन रांगांमधल्या त्याच वाटेत मी उभा राहिलो. समोरची मूर्ती कोलाडच्या एका घरची होती. ते लोक वर्षानुवर्षे कृष्णाबाईने आखलेलीच मूर्ती नेतात. उजवा डोळा छान उतरला. डाव्याच्या वेळी मात्र कुंचल्याचे टोक मूर्तीजवळ आले आणि थरथरू लागले. तिने हात मागे घेतला, पुन्हा पुढे नेला. शेवटी कुंचला खाली ठेवला. नवीन आखणारीला बोलावू का, असे जितेशने हळूच विचारले. तिने नकारार्थी मान हलवली. आता तो डोळा तिनेच काढायचा, नाहीतर ती मूर्ती त्या घरी जाणार नव्हती.

कॅमेऱ्याचा लाल दिवा तसाच जळत होता. कृष्णाबाईने त्याच्याकडे पाहिले.

"मी हाय अजून, गो," ती लेकीला म्हणाली. "माझी आठवण आत्तापासनंच कशाला भरून ठेवतेस?"

प्रतिक्षाचे डोळे भरून आले. मलाही फार वाईट वाटले. थरथर म्हणजे काय, हे ट्रायपॉडइतके कोणाला कळणार?

मग कृष्णाबाईची नजर कॅमेऱ्यावरून खाली माझ्यावर आली.

"तो कॅमेरा उतरव," ती म्हणाली. "आणि ती घोडी इथं आण."

प्रतिक्षाने व्हिडिओ बंद करून कॅमेरा फळीवर ठेवला. माझे पाय आखूड करून तिने मला आईच्या उजव्या हाताशी उभे केले. मूर्ती आणि आईचा गुडघा यांच्यामधल्या जागेत मी बरोबर बसलो. माझ्या डोक्यावर जुन्या लुगड्याची घडी ठेवली गेली आणि तिच्यावर कृष्णाबाईने मनगट टेकले. मी किंचित डुललो, कारण शेवटी मी हलकाच. जितेशने शाडूच्या मातीची एक पिशवी आणून माझ्या पोटाखालच्या आकड्याला अडकवली. मग मी जमिनीत रोवल्यासारखा घट्ट झालो. प्रतिक्षाने माझे डोके हवे तसे वळवले, स्क्रू आवळला आणि दुकानात बघत राहिली होती तशीच बघत राहिली.

मित्रांनो, त्या हाताची थरथर माझ्या डोक्यात शिरली, पायांतून उतरली आणि जमिनीत गेली. कुंचल्याच्या टोकाला तेवढी ती पोचली नाही. काळी रेघ एका दमात आली. डाव्या डोळ्याने उजव्याशी नजर जुळवली.

त्या क्षणाचा फोटो कोणाकडेच नाही. कोलाडची मंडळी रीतीप्रमाणे मूर्तीचा चेहरा रुमालाने झाकून घेऊन गेली. त्यांना यातले काही ठाऊक नाही.

आता मी हमरापूरलाच असतो, कुंचल्यांच्या शेजारी. आखणी संपली की कृष्णाबाई माझे पाय स्वतः पुसते. मला घोडी म्हणते आणि मला राग येत नाही. तुम्ही माझ्यासारखा कोणी विकत घेतलात तर जागा मोजून घ्या, पायांबरोबर डोकेही तपासा आणि खारे पाणी लागले तर धुऊन काढा. एवढी काळजी आम्हाला पुरते. आणि तुमच्या घरात कोणाचा हात थरथरत असेल, तर त्या हाताचा फोटो काढण्याआधी त्याला टेकायला काहीतरी द्या.