हलत्या टेबलावरची शिलाई

ताई सर्जरी शिकायला लागल्यापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर रोज एक कोंबडीची तंगडी असायची आणि ती खायची नसायची.

तुटलेली बोटं परत जोडणाऱ्या डॉक्टरांच्या तुकडीत एकच जागा रिकामी होती. ती ताईला हवी होती. त्यासाठी कापलेली रक्तवाहिनी केसाहून बारीक दोऱ्याने शिवता यावी लागते. सरावाचं यंत्र हॉस्पिटलला परवडेना, म्हणून मोठ्या सरांनी सांगितलं, तंगडीत साधारण तशीच वाहिनी असते, घरी शिवा. सूक्ष्मदर्शक म्हणून ताईने दोन डब्यांवर मोबाइल आडवा ठेवला. त्या डब्यांत चहा आणि साखर होती. सराव संपेपर्यंत चहा नाही, असा घरात नियम झाला.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बाबा पेपर वाचत. बाबा बसले की त्यांचा उजवा पाय हलतो आणि पाय हलला की टेबल हलतं.

"अहो, पोरगी शिवतेय!" आई ओरडायची. पाय थांबायचा. पान उलटलं की पुन्हा सुरू.

शेवटी ताईच म्हणाली, "राहू दे गं आई, जमतंय मला." आणि खरंच जमायला लागलं. टेबल वर आलं की सुई आत, खाली गेलं की बाहेर.

त्या जागेच्या परीक्षेला आम्ही सगळेच गेलो. आमच्याकडे परीक्षा एकाची असते, घाम सगळ्यांना फुटतो. तंगड्या ठेवलेला बर्फाचा डबा माझ्याकडे होता, म्हणून मला आत घेतलं.

तिथल्या टेबलाचे चारही पाय जमिनीला टेकलेले होते. असं टेबल आमच्या घराण्यात कोणी पाहिलं नव्हतं. तंगड्या तीन, संधीही तीन. ताईने सुई धरली आणि तिचा हात आपोआप वरखाली व्हायला लागला. टेबल मात्र ढिम्म. वाहिनीच्या वरच्या भिंतीबरोबर खालचीही शिवली गेली. मोठ्या सरांनी एका टोकातून तांबडं पाणी सोडलं. दुसऱ्या टोकातून काहीही आलं नाही.

"हात थरथरतोय तुमचा," सर म्हणाले.

"नाही सर. टेबल हलत नाहीये."

"घरी हलतं?"

"हो. बाबा हलवतात."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बोलवा."

बाबा येऊन बसले. टेबलाला गुडघा लावला. सगळ्यांचं लक्ष त्या पायाकडे. लग्नानंतर पहिल्यांदाच तो पाय फोटोतल्यासारखा गप्प राहिला.

"हलवा ना हो!" आई दारातून म्हणाली.

"अगं, ठरवून होतं का ते?"

"एरवी सांगून थांबत नाही, आता सांगून हलत नाही. मुलखाचा हट्टी पाय." मग तिचा आवाज एकदम बदलला. "अहो, निघताना गॅस बंद केला होतात ना?"

पाय सुटला.

"बाबा, उठायचं नाही हं!" ताई म्हणाली आणि भराभर शिवत सुटली. या वेळी पाणी आरपार गेलं.

"उत्तम," सर म्हणाले. "पण ऑपरेशनच्या वेळी वडिलांना कुठे बसवणार?"

ताईने सुई खाली ठेवली.

"तिसरी तंगडी. वडिलांशिवाय."

आई-बाबा गॅस बघायला घरी धावले. ताईने तिसरी तंगडी पुढे ओढली, पण सुई उचलली नाही. जागा जाणार, हे मला तिच्या पाठीवरूनच कळत होतं. मग टेबल हलायला लागलं. सर खाली वाकले. मीही वाकलो. टेबलाखाली ताईचा उजवा पाय चालू होता. हुबेहूब बाबा.

"हे ऑपरेशनच्या वेळीही करणार?" सरांनी विचारलं.

"सर, पेशंटला भूल दिलेली असेल."

शेवटचा टाका पडल्यावर सरांनी पाणी सोडलं. ते दुसऱ्या टोकातून व्यवस्थित आलं, पण टेबल अजून हलतच असल्यामुळे सरांच्या बुटावर पडलं.

सर बुटाकडे बघत म्हणाले, "सोमवारपासून या. आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, भूकंप नाहीये म्हणून."