चिचटोल्याची गाडलेली माती

टेकडी फोडायचा हुकूम देणाऱ्यांनो, गुन्हेगार तुम्ही आहात. विलायतेला मँगनीजचा काळा दगड हवा होता तोवर तुमची मोटार सौंदडच्या वाटेनं धूळ उडवत दर आठवड्याला चिचटोल्याला येत होती. सन एकतीस साली दगडाचा भाव पडला आणि तुम्ही इंजिन नेलं, पत्रे नेले, वजनकाटा नेला. खड्डा तेवढा ठेवून गेलात. तो जड झाला का?

पण तुमच्या हुकुमाला हात आमच्याच माणसांचे लागले, हेही झाकून चालणार नाही. त्यातला एक हात केवलरामचा. वाचकबंधूंनो, त्याची ही हकिकत ऐका. असे हात गावोगाव आहेत.

केवलराम त्या खाणीवर मुकादम होता. खाण बंद पडून वर्ष झालं. आषाढाच्या तोंडाशी एका सकाळी त्याची बायको निर्मलाबाई लुगड्याची चौघडी करून पाणी गाळत होती. दुसऱ्यांदा गाळलं तरी पाण्याच्या पितळी गुंडाच्या बुडाशी काजळीसारखा गाळ बसला.

"मुकादमाच्या घरचं पानी आहे," ती म्हणाली. "काळं असनच."

तेवढ्यात दारात बायजाबाई उभी राहिली. टेकडीच्या पायथ्याशी तिच्या धानाच्या तीन बांध्या. गोंडाची एकटी म्हातारी, पण चिखलात रोवणीला उतरली की जवान बाया मागं पडायच्या. तिच्या हातात मातीचं ढेकूळ होतं. काळं, वर पापुद्रा धरलेलं.

"केवल, हे काय होय गा?"

"माती होय, बायजामाय."

"माती होय? मंग हिच्यात माहे पऱ्हे कायले पिवळे पडले?"

खाणीच्या ढिगाऱ्यावरची काळी घाण पहिल्या पावसात वाहून बोडीत, गावच्या लहान तळ्यात, उतरली होती, आणि बोडीतून बायजाच्या बांध्यांत. धानाची रोपं चार बोटं वाढून तिथंच थांबली होती.

"खान माही नव्हती, माय. सायबाची होती."

"सायबानं फावडं धरलं होतं काय? म्या तं कदी पाह्यलं नाही." तिनं ढेकूळ ओसरीवर ठेवलं. "औंदा रोवना झाला नाही तं मी चालली आसामात. चाहाच्या मळ्यात. मळ्यावर मजूर नेनारा आरकाटी बसला आहे मानसं गोळा करून. हे तुह्या घरी राहू दे."

ती गेली. ढेकूळ राहिलं. केवलरामच्यानं ते फेकवेना.

त्याला खात होतं ते वेगळंच. मुकादम होण्याआधी सात वर्षं तो छिंदवाड्याकडे कोळशाच्या खाणीत होता. खालचा कोळसा काढला की वरची शेतं बसतात, विहिरी आटतात, नाल्यातून शाईसारखं पाणी वाहतं, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. चिचटोल्याला साहेब आला तेव्हा गावानं त्यालाच विचारलं, "तुले ठाऊक आहे, काही नुसकान तं नाही ना?" आणि तो म्हणाला होता, "काही नाही होत." डोक्याला साहेबानं दिलेली टोपी होती. टोपीखाली खरं बोलणं सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी तो उदारामकडे गेला. उदाराम कोहळी, बोडी-तलाव बांधणाऱ्यांच्या घरचा. सत्तरीचा म्हातारा काठी टेकत ढिगाऱ्यापर्यंत आला. त्यानं चिमूटभर माती जिभेला लावली आणि थुंकला.

"पहिल्या दिवशी खोदलं ते कोठी टाकलं?"

"इथंच. काठावर."

"अन् मंग?"

"त्याच्यावर दगड-धोंडा."

उदाराम खाली बसला. "आमच्या लोकांत बोडी खोदताना पहिली हातभर माती अलग ठेवतेत. पोटचा दगड-मुरूम मंग. तळ्याची पाळ उभी झाली का तीच माती तिच्यावर पांघरतेत. तवा गवत धरते, तवा पाळ टिकते. तुनं चादर खाली आंथरली अन् मानसाले उघडं निजवलं. वाहून नाही जाईल तं काय होईल?"

केवलरामला खाणीचा पहिला दिवस आठवला. फागू नावाच्या मजुरानं तेव्हा विचारलं होतं, "मुकादम, हे वरची माती एकीकडं ठेवाची काय?" आणि तो खेकसला होता, "शेती करून राहिला काय बे इथं? फेक!"

त्यानं हे उदारामला सांगितलं. म्हातारा म्हणाला, "मले सांगून काय होते? ज्याची माती, त्याले सांग."

त्याच संध्याकाळी मारुतीच्या पारावर केवलराम उभा राहिला. "तुमी इचारलं होतं, नुसकान आहे काय म्हनून. मले ठाऊक होतं. कोळशाच्या मुलखात मी पाहून आलो होतो. मी खोटं बोललो."

कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं. मागून फागू म्हणाला, "आता काय फेकाचं, मुकादम?" लोक हसले. केवलराम मान खाली घालून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच फावडं घेऊन गेला. चौथ्या दिवशी फागू आला, मग आणखी माणसं. उदाराम बाजेवर बसून सांगत होता: आधी वरून चर काढा, पाणी बोडीत जाऊ देऊ नका, मग दगड खड्ड्यात लोटा. बाराव्या दिवशी ढिगाऱ्याच्या बुडाशी जुनी माती लागली. बायजाबाईनं ती नाकाशी नेली आणि टोपली भरायला घेतली. एक उतार झाकला, गवताचे ढेपे लावले. बायजाच्या एका बांधीतला गाळ उपसून दुसऱ्यांकडून मागून आणलेल्या पऱ्ह्यांनी रोवणा झाला.

"नाही जात मंग आसामात?" केवलरामनं विचारलं.

"एक बांधी झाली. दोन बाकी आहेत," ती म्हणाली. "त्या होऊस्तोवर तुले सोडत नाही."

खड्डा मात्र माणसांच्या टोपल्यांनी भरणारा नव्हता. अर्ज घेऊन केवलराम गोंदियाला कचेरीत गेला. नंदलाल कारकुनानं पान न उलटता सांगितलं, "खदान बंद, फाइल बंद. अब क्या मिट्टी भी सरकार डालेगी?"

बंधूंनो, जमिनीच्या पोटातलं घ्यायचं असेल तर तिची कातडी आधी जपून ठेवावी आणि जाताना तिला परत घालावी. कोहळ्याच्या अडाणी म्हाताऱ्याला कळतं ते हे एवढंच. आणि ज्याला ठाऊक आहे तो गप्प बसला, तर त्याचं मौन फावड्याहून खोल खणतं. केवलरामला हे उशिरा कळलं, पण कळलं.

आता कचेरीतल्या मालकांनो, तुमचं बोला. त्या परवान्यात दगड काढायची कलमं पानोपानी आहेत. माती परत घालायचं कलम कोणत्या पानावर आहे? असेल तर ते पान चिचटोल्याच्या पारावर येऊन वाचून दाखवा. नसेल तर ते का लिहिलं नाही, याचं उत्तर बायजाबाईला द्या. ती बांधावर उभी आहे.