छाती स्वच्छ आहे

डॉक्टरकाकांवर त्या शहराचं जिवापाड प्रेम होतं, आणि हे प्रेम आता कुणाच्या तरी जिवावर उठणार, हे फक्त डॉक्टरकाकांना माहीत होतं.

प्रेम म्हणजे कसं, तर दवाखाना बंद असल्याची पाटी लावली की लोक पाटीखालीच बैठक मारायचे. काकांचा निरोपसमारंभ आजवर दोनदा झाला होता. दोन्ही वेळा भाषणं झाली, लोकांनी डोळे पुसले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच लोक शेंबडी पोरं कडेवर घेऊन दारात हजर. मोठ्या इस्पितळात जायचं तर आधी काकांचा हात लागायला हवा, अशी तिथली पद्धत. काकांनी ‘जा’ म्हटलं तरच जायचं. नाही म्हटलं की घरी.

अडचण एवढीच होती की काकांना ऐकू येईनासं झालं होतं. जाडे आवाज यायचे, बोलणंही समोरच्याच्या ओठांकडे बघून समजायचं. बारीक आवाज तेवढे गेले होते. न्यूमोनिया झालेल्या छातीत श्वास आत जाताना बारीक चुरचुर होते, कानाशी केसांची बट चोळावी तशी. ती चुरचुर टिपण्यात काकांची सगळी हयात गेली होती. वर्षभरापासून मात्र येईल ती छाती स्वच्छ निघत होती. सुरुवातीला काकांना वाटलं, शहराची हवा सुधारली.

बायको बाहेर नंबर पुकारायची. तिला त्यांनी सांगून पाहिलं होतं.

“मला कमी ऐकू येतंय.”

“त्यात नवीन काय? माझं तर तुम्हाला लग्नापासून ऐकू येत नाही.”

“चेष्टा नकोय. दवाखाना बंद करायला हवा.”

“मग बाहेर जाऊन तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर लोक मला मारतील.”

काकांनी बाहेर जाऊन सांगितलं. लोक खो खो हसले. यात लोकांचा दोष नव्हता. पोरांच्या छातीला नळी लावताना काका आयुष्यभर एकच विनोद करत आले होते. भुवया वर चढवून म्हणायचे, “अरेच्चा! मला तर काहीच ऐकू येत नाही. दुकान बंद झालं वाटतं!” पोरगं चिडून “चालूये, चालूये!” म्हणत छाती फुगवायचं, आणि त्या मोठ्या श्वासात काकांना हवं ते सगळं मिळायचं. अर्धं शहर या विनोदावर वाढलं होतं. आता काका काकुळतीला येऊन म्हणत होते, मला ऐकू येत नाही, आणि दाढीमिशावाले बाप्ये एका सुरात ओरडत होते, “चालूये, चालूये!”

मग काका नजरेवर भागवू लागले. श्वासाची गती बघायची, बरगड्या बघायच्या, नाकपुड्या बघायच्या. बरंचसं भागतही होतं. पण परवा वायरमनची आठ महिन्यांची मुलगी आई आणि आजीबरोबर आली ती गाढ झोपलेली, दुपट्यात कांद्यासारखी गुंडाळलेली. बाहेर ही गर्दी. उघडलं तर जागी होईल म्हणून आजीनं फटीतून तेवढी जागा करून दिली. काकांनी फटीतून नळी सारली, शांतता ऐकली आणि म्हणाले, “छाती स्वच्छ आहे.” तापाचं औषध देऊन घरी पाठवली.

आज ती परत आली होती.

या वेळी काकांनी सगळी दुपटी स्वतः सोडली. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. नाकपुड्या फुलत होत्या. ओठांचा रंग काकांना अजिबात आवडला नाही. रडायलाही तिच्यात त्राण नव्हतं.

“हिला आत्ताच्या आत्ता मोठ्या इस्पितळात न्या.”

“काका, घाबरवू नका हो,” वायरमन म्हणाला. तो याच टेबलावर लहानाचा मोठा झाला होता. “एकदा नळी तरी लावा.”

“नळी लावून उपयोग नाही. मला ऐकू येत नाही.”

वायरमनच्या तोंडावर नको तेव्हा हसू आलं. “बघ आई, काका विनोद करतायत. म्हणजे काळजीचं काही नाही.”

“मी म्हणतच होते,” आजी बाळाला पुन्हा गुंडाळायला लागली. “त्या इस्पितळात सतरा सुया टोचतात. तुम्ही आपलं परवाचंच औषध वाढवून द्या.”

“विनोद नाही!” काका ओरडले. या दवाखान्यात ते आजवर कधी ओरडले नव्हते. बाहेरची कुजबुज थांबली. “परवा माझं चुकलं. हिला न्यूमोनिया आहे. कळतंय का तुम्हाला?”

“दमलेत बिचारे,” आजी सुनेला म्हणाली. “पाणी दे त्यांना.”

सून हलली नाही. ती एकटीच काकांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती.

काकांनी पाण्याची वाट पाहिली नाही. बाळाला उचललं आणि चालू पडले. सपाता पायात होत्या तशाच. बाहेरच्या गर्दीनं अदबीनं वाट दिली. एकीनं तेवढ्यातही पोरगं पुढे केलं, “जाता जाता याच्या घशात बघता का हो काका?” मागे वायरमन धावत होता, त्याच्या मागे सून, तिच्या मागे इस्पितळाला नावं ठेवत आजी.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरणीनं बाळ हातात घेतल्या घेतल्या ऑक्सिजन लावला, बोटाला चिमटा लावला, सुई टोचली, नर्सला कामाला लावलं. सगळं सराईतपणे. मग ती बाहेर आली.

“जिवावरचं दुखणं आहे. आम्ही प्रयत्न करतोय. परवाच आणलं असतं तर बरंच सोपं गेलं असतं.”

वायरमन बायकोकडे वळला. “सांगत होतो ना तुला? खिडकी बंद ठेव म्हणून?”

“पंख्याखाली निजवते लेकराला,” आजी म्हणाली. “आम्ही चार वाढवली, असं कधी झालं नाही.”

सुनेनं मान खाली घातली. खिडकी कधी उघडी राहिली होती ते ती खरोखरच आठवू लागली, हे काकांना दिसलं.

“तिला बोलू नका! परवाच आणलं होतं तिनं. माझ्याकडे! मी तपासलं, आणि मला ऐकू आलं नाही.”

“ऐकलंस?” आजीचे डोळे भरून आले. “देवमाणूस आहे. दुसऱ्याची चूक अंगावर घेतो.”

काकांनी डॉक्टरणीचा हात धरला. “तू तरी सांग यांना.”

“सर, मी तुमच्याच औषधांवर वाढले,” ती समजुतीच्या सुरात म्हणाली. “तुमच्या हातून सुटलं असेल असं मला वाटत नाही. काल सुरू झालं असणार. तुम्ही बसा बघू.”

काका बसले नाहीत. दारातच, बाळाच्या खाटेला पाठ करून उभे राहिले आणि तिघांना, चौघांना, भिंतीला सांगत सुटले. वर्षभरापासून असं होतंय. जाडे आवाज येतात, बारीक येत नाहीत. छातीतली चुरचुर येत नाही. तपासताना मी नुसता अंदाज बांधतो. माझ्याकडे मुलं आणू नका. हात जोडतो, आणू नका.

बोलता बोलता समोरचे चेहरे एकदम बदलले. डॉक्टरीण त्यांना ढकलून आत धावली. नर्स धावली. वायरमन धावला. काकांना वाटलं, आता पटलं. ते बोलतच राहिले.

समोर फक्त सून उरली होती. तिनं एकदा त्यांच्या मागे पाहिलं, मग त्यांच्याकडे. काकांनी तेव्हा कुठे वळून पाहिलं. खाटेशेजारच्या यंत्रावर लाल दिवा उघडमीट करत होता, आणि नर्स त्याची बारीक, तीक्ष्ण शिट्टी बंद करण्यासाठी बटण दाबत होती.

नाकावरून सरकलेला ऑक्सिजनचा मास्क नीट बसवला गेला. दिवा विझला. डॉक्टरणीनं घाम पुसला. बाळ अजून होतं.

सून काकांच्या समोर आली. ओठ दिसतील अशी उभी राहिली.

“केवढ्यानं वाजत होतं ते. तुम्हाला ऐकू आलं नाही.”

“नाही.”

“परवाही आलं नव्हतं.”

“नाही.”

सकाळपासून काका याच क्षणासाठी जिवाचं रान करत होते. कुणीतरी विश्वास ठेवावा. आता तिच्या डोळ्यांत तो दिसला.

“वर्षभर म्हणालात,” ती म्हणाली. “वर्षभरात कितीजणींना सांगितलंत, छाती स्वच्छ आहे म्हणून?”

काका आठवायला लागले. ज्या पोरांना पुन्हा कुणी आणलंच नाही ती बरी झाली असं ते धरून चालले होते.

“मी जाते तुमच्या दवाखान्यात,” सून म्हणाली. “तिथं बसलेल्या सगळ्यांना सांगते. मला हसून दाखवा म्हणावं.”

आतून वायरमननं हाक मारली. सून आत गेली, बाळाच्या पावलाला हात लावून आली, आणि चपला न शोधताच जिना उतरू लागली.