सैकाल आपाचा अर्धा प्याला

कोचकोर गावात चहा ओतायची रीत अशी, की पाहुणा हवाहवासा असेल तर प्याल्यात दोन घोटच ओतायचे. म्हणजे तो पुन्हा पुन्हा प्याला पुढे करतो आणि बसून राहतो. काठोकाठ भरला, की समजावं, आता निघा. सैकाल आपाने त्या सकाळी डानुटाला चौदा वेळा चहा ओतला, आणि चौदाही वेळा जेमतेम तळ झाकेल एवढाच.

ऑक्टोबर संपत आला होता. एकदा खिंडीत बर्फ पडलं, की परदेशी पाहुणे थेट मे महिन्यात. पोलंडहून आलेली डानुटा यंदाची शेवटची. चार दिवस राहिली, रशियन बोलत होती, आज बाराला तिची गाडी होती. ती गेली की आपाला बोलायला भिंतीच उरणार. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. लेक मॉस्कोत दुकानात कामाला, तिचा फोन आला तर आला.

म्हणून आपाने नवऱ्याच्या आंधळ्या घोड्याची गोष्ट काढली.

"बाजारातून आणला, आणि वर्षभर कबूल करेना. म्हणे, घोडा विचारात असतो."

डानुटा खळखळून हसली. नानचा तुकडा सायीत बुडवून खाल्ला. मांडी या बाजूची त्या बाजूला केली, पण उठली नाही. पोरगी रमली, आपा मनात म्हणाली, आणि तिला इतकं बरं वाटलं की तिने लग्नाचीही गोष्ट सांगून टाकली.

साडेबाराला गाडीवाला मिरबेक दारात येऊन उभा राहिला.

"बाई, विमान तुमचं आहे की माझं? अर्धा तास हॉर्न वाजवतोय. अजून दहा मिनिटं, मग मला नाही जमणार."

डानुटा लाल झाली. "आपांनी अजून प्याला भरला नाही. उठू कशी?" तिने खिशातून घडी घातलेला कागद काढला. प्रवाशांसाठीच्या सूचना होत्या. यजमानीण प्याला भरेपर्यंत उठू नये, तिचा अपमान होतो. जमिनीवर चहा मांडलेल्या चादरीकडे पाय पसरू नयेत.

मिरबेकला हसू आवरेना. "आपा, सोडा हो तिला. बिचारीचे पाय गेले कामातून."

"तू गप रे," आपा म्हणाली.

म्हणजे पोरगी रमली नव्हती, अडकली होती. आपाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी किटली उचलताना तिच्या मनात आलंच: आणखी दोन घोट ओतले, तर ही उठणार नाही. विमान जाईल. रात्री जेवायला दोघी असू. तिचा हात तसाच थांबला.

मग तिने ओतला. काठोकाठ.

डानुटाचा चेहरा असा खुलला, की आपाने दुसरीकडे पाहिलं. कढत चहा तीन घोटांत संपवून डानुटा उठली आणि मुंग्या आलेल्या पायांनी लंगडत बाहेर निघाली.

फाटकाशी तिने आपाला मिठी मारली. मिठी खरी होती. "पुढच्या वर्षी नक्की येईन, आपा."

"ये. पण तो कागद घरी ठेवून ये."

"मग उठायचं कधी, ते मला कळणार कसं?" डानुटाने अगदी मनापासून विचारलं.

मिरबेकने गाडी सुरू केली.