गंगेला न दिलेला तुकडा

मी एक जुना मेणाचा ठोकळा आहे. वीज गेल्यावर तुम्ही लावता त्या मेणबत्तीचा मी चुलत भाऊ. पण मला कोणी पेटवत नाही. परभणीतल्या एका प्रयोगशाळेच्या खणात मी कित्येक वर्षं पडून आहे. माझ्या पोटात एका बाईच्या छातीतल्या गाठीचा तुकडा आहे. मित्रांनो, भीती वाटली तर वाटू द्या. मलाही वाटते.

त्या सुमनबाई, पालमजवळच्या एका खेड्यातल्या. गाठ हाताला लागली तेव्हा घरात लेकीच्या, राजेश्रीच्या लग्नाची घाई चालू होती. लग्नघरात दवाखान्याचं नाव काढू नये, असं त्यांना वाटलं. एरंडाचं पान गरम करून त्या गुपचूप छातीला बांधत राहिल्या. हळद लागली, अक्षता पडल्या, पाठवणी झाली, आणि मगच त्यांनी तोंड उघडलं. तोवर रोगाने पाय पसरले होते.

डॉक्टरांनी तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढला. तो औषधात मुरवला आणि वितळलेलं मेण त्यावर ओतलं. तोच माझा जन्म. त्या तुकड्यातली एक पेशी एकीच्या दोन व्हायला निघाली होती, ती तशीच थांबली. निदान झालं, तज्ज्ञांनी माझं कौतुक केलं, "नमुना छान बसलाय" म्हणाले. मग मला खणात टाकलं. गरज सरो, वैद्य मरो! सुमनबाई गेल्या हे मला कोणी सांगितलंच नाही. मी त्यांची वाट पाहत राहिलो. खण करकरला की अजूनही माझ्या आतलं काहीतरी दचकतं. ते मी असतो की त्या, हे मला सांगता येत नाही.

मागच्या वर्षी डॉ. माधवी आल्या. कॅन्सर काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या का येतो, यावर त्यांचं संशोधन चालू आहे. जुने ठोकळे तपासण्याआधी त्या घरच्यांची परवानगी घेतात. राजेश्री आली, सोबत सुमनबाईंचे धाकटे भाऊ दत्तराव होते. बहिणीचा तुकडा अजून शिल्लक आहे हे ऐकून त्यांनी हात जोडले.

"मॅडम, अक्काच्या पिंडाला कावळा शिवला न्हाई," ते म्हणाले. "आमी लय विनवण्या केल्या. राजेश्रीचं माहेर तुटू देणार न्हाई म्हणलं, जावयाचा मान ठेवू म्हणलं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवावा लागला. आता कळलं. अक्का समदी गेलीच न्हाई. तिला आमच्या हवाली करा, गंगेत सोडतो."

आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. खरं सांगू? मलाही जावंसं वाटलं. अंधाराचा मला कंटाळा आला होता.

राजेश्री हळूच म्हणाली, "मामा, आई कशानं गेली ते मला कळू द्या. मलाबी हेच होणार हाय का, या भ्यानं झोप लागत न्हाई."

माधवीताईंनी समजावलं, "हा रोग पिढ्यान्‌पिढ्या आणणारा जनुकातला दोष असतो. आईच्या गाठीत तो सापडला, तर हिच्या रक्तात नेमकं काय शोधायचं ते कळेल."

"आधी तपासा," राजेश्री म्हणाली, "मग मामा नेतील."

धारदार पात्याने माझे काप काढले, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. दर कापासोबत सुमनबाई थोड्या कमी होत होत्या. मला रडू येत होतं, पण मेणाला डोळे कुठले?

काही आठवड्यांनी दोघं परत आले. दत्तरावांनी मला न्यायला पितळी तांब्या आणि कोरं कापड आणलं होतं. दोष आईत सापडला होता, आणि तोच राजेश्रीच्या रक्तातही. ती पदरात तोंड खुपसून रडली. माधवीताई म्हणाल्या, "रोग झालेला नाही. दरवर्षी तपासणी करू. आला तरी लवकर पकडू."

मग त्या दत्तरावांकडे वळल्या. "हा दोष सुमनबाईंना त्यांच्या आईवडिलांपैकी एकाकडून आलेला असणार. तुम्ही सख्खे भाऊ. तो तुमच्यातही असू शकतो. पुरुषाकडूनही तो पुढे जातो."

दत्तरावांनी कोरं कापड घडी घालून तांब्यात ठेवलं. मग तांब्या खाली ठेवून त्यांनी सदऱ्याची बाही वर सारली.

"माझंबी रगत घ्या मॅडम. मला दोन लेकी हायत." थोडं थांबून ते म्हणाले, "अक्काला इथंच राहू द्या."

मी परत खणात आलो. आता फार थोडा उरलो आहे. माझ्या शेजारी तुमच्याच जिल्ह्यातल्या कितीतरी आया मेणात गप्प बसून आहेत. मित्रांनो, आमची गर्दी वाढवू नका. आज घरी गेलात की आईजवळ बसा आणि तिच्या तब्येतीची चौकशी करा. पण "कुठं दुखतं का" एवढंच विचारून उठू नका. सुमनबाईंची गाठ दुखत नव्हती.